तीन ओळी तुमच्या, चौथी कुणाची

भाऊजी, आधी माझं पूर्ण ऐकून घ्या. मी बोलायला लागले की डोळे मिटून बसायची तुमची खोड होती. आता तर तुम्हाला मोकळीकच मिळाली आहे, तरी ऐका. तुम्ही गेल्यापासून इतकं काही घडलंय की माझ्या पोटात मावत नाही, आणि ज्याला सांगावं तोच माणूस नेमका जागेवर नाही. वाचनालयातल्या तुमच्या कवितेच्या कट्ट्यावरच्या वैद्य बाई म्हणाल्या, कट्ट्याच्या अंकासाठी तुमच्या दिरांवर चार शब्द लिहा. मी म्हटलं, त्यांच्यावर कशाला, त्यांनाच लिहिते. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, शुद्धलेखन त्या बघून घेतील.

रडगाणं लिहिणार नाही. तुम्ही पिकल्या वयात गेलात, अंथरुणाला फार दिवस खिळला नाहीत, जाताना कुणाला त्रास दिला नाहीत. तुमचा दादा गेला तेव्हा तुम्ही मला म्हणाला होता, पान पिकलं की गळतं वहिनी, झाड रडत बसत नाही. त्या वेळी तुमचं तोंड बघू नये असं वाटलं होतं मला. झाडाला एकट्यापुरता स्वयंपाक करायचा नसतो. पण बोललात ते खोटं नव्हतं, आणि तेव्हापासून घरात माझ्याशी खरं बोलणारे तुम्हीच तेवढे उरला होता. आमटीत मीठ कमी आहे असं आता कुणी सांगत नाही. सून म्हणते, आई, सगळं छान झालंय. रोज छान ऐकून ऐकून माझी जीभ बोथट व्हायला लागली आहे.

तुम्हाला ठाऊक आहे तेच थोडं पुन्हा सांगते, कारण अंक वाचणाऱ्यांना ठाऊक नाही. कंपनीत बॉयलरवर नोकरी लागली तेव्हा तुम्ही गावाहून आमच्याकडे कोपरखैरण्याला राहायला आलात, ते कायमचेच. तुमचा दादा मार्केटात माथाडी, पोरं लहान. मी तुमच्यासाठी किती स्थळं आणली. एका मुलीला तुम्ही बघायला गेलात आणि विचारलंत काय, तर तुला डोंगर आवडतो का. ती बिचारी म्हणाली, लांबून आवडतो, चढायला नाही. घरी येऊन तुम्ही म्हणालात, मुलगी खरी आहे, पण राहू दे. एवढ्यावर ते स्थळ गेलं. पुढे मीही नाद सोडला. घरात एक माणूस जास्त, तर एक भाकरी जास्त.

रिटायर झाल्यावर तुम्ही त्या न बोलण्याच्या शिबिराला गेलात. परत आलात तरी आठवडाभर मौन. मी म्हटलं, शिबिर संपलं, आता आमटी कशी झालीय ते तरी सांगा. तुम्ही चिमटीची खूण केलीत. मीठ कमी. मौन सोडलं नाहीत आणि मीठही सोडलं नाहीत. तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस काही साधू होत नाही, आपल्याच घरात राहतोय.

मग वाचनालयातून पुस्तकं यायला लागली. चीनमधले डोंगरात राहणारे म्हातारे, जपानमधले भिक्षू, आपले रानातले ऋषी. मी कुरडयांचा चीक घोटत असताना तुम्ही वाचून दाखवायचात. त्या कवितांत काही घडायचंच नाही. धुकं आलं, धुकं गेलं. नदीकाठी एक फांदी हलली. मी विचारायची, पुढे. तुम्ही म्हणायचात, पुढे काही नाही. मला वाटायचं, पुस्तकाचं पान फाटलंय.

आणि मग तुम्ही स्वतः लिहायला लागलात. लिहिलंत कशावर, ते जेव्हा मी पहिल्यांदा लोकांना सांगते तेव्हा त्यांना पटत नाही. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सगळीकडे चिनीमातीचे पांढरे तुकडे बसवलेत, फक्त पाण्याच्या टाकीशेजारी काळी शहाबादी लादी आहे. सकाळी चहा झाला की तुम्ही रंगाऱ्याचा ब्रश आणि तांब्याभर पाणी घेऊन तिथे जायचात आणि लादीवर पाण्याने लिहायचात. एका लादीवर एक ओळ. तीन लाद्या, तीन ओळी, कविता संपली, की पुढे दुसरी. ऊन चढलं की अक्षरं एकेक करून उडायची. आधी काने जायचे, मग वेलांट्या. शेवटी एखादं टिंब राहायचं, मग तेही नाही.

मी तिथेच असायची, कारण गच्चीवर माझं वाळवण. कावळ्यांवर काठी उगारत बसायचं आणि मधे मधे तुमच्या लाद्या वाचायच्या. शाळा सुटल्यापासून मी इतकं कधी वाचलं नव्हतं. ऊन तापायच्या आत वाचावं लागायचं, म्हणून वाचायचा वेगही वाढला.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, कागदावर लिहा. लेकरंबाळं नाहीत तुम्हाला, उद्या कोण तुमचं नाव घेणार? एक पुस्तक तरी असू दे, त्यावर नाव असू दे. तुम्ही ब्रश तांब्यात बुडवून मला म्हणालात,

“वहिनी, तुम्ही वाळवण घालता, मीही घालतो. तुमचं वाळलं की उरतं, माझं वाळलं की जातं. एवढाच फरक.”

मी म्हटलं, मग माझंच बरं, तळून खाता तरी येतं. तुम्ही हसलात. पण कागद काही आणला नाहीत.

सोसायटीच्या सेक्रेटरीचा किस्सा मी अजून सगळ्यांना सांगते. पाणीकपात चालू होती आणि खालून कुणीतरी तक्रार केली की काका गच्चीवर पाणी फुकट घालवतात. सेक्रेटरी तावातावाने वर आला. काका, सोसायटीत पाण्याचं टेन्शन चाललंय आणि तुम्ही हे काय, असं म्हणता म्हणता त्याने लादीकडे बघितलं. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि तिसरी वाचायच्या आत ती वाळली. तो तसाच उभा. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, शेवटची काय होती? तुम्ही सांगितलं नाहीत. म्हणालात, उद्या लवकर ये. दुसऱ्या दिवशी तो बनियनवर हजर. तेव्हापासून तुमच्या तांब्यावर कुणी बोललं नाही.

आणि ती साळुंकी. तुम्ही ओळ लिहून मागे सरकलात आणि ती टुणटुणत आली, लादीवरच्या अक्षराला चोच लावून पाणी प्यायली. मी काठी उचलली तर तुम्ही माझा हात धरलात. तुमचा चेहरा असा झाला होता की जणू मोठं बक्षीस मिळालंय. त्या दिवशी लिहिलंत,

पाण्याने लिहिलं.
साळुंकी पिऊन गेली.
कविता उडाली.

ही मला लगेच आवडली. हिच्यात निदान काहीतरी घडतं तरी.

पुढे समोरच्या प्लॉटवर टॉवर उभा राहायला लागला. एकेक मजला चढला आणि गच्चीवरून दिसणारा पारसिकचा डोंगर एकेक वीत कमी होत गेला. मला वाटलं, आता भाऊजी अन्न सोडतात की काय. ज्या डोंगरासाठी बायको केली नाही तो डोंगरच झाकला. मी आपली टपून बसले होते, की आज रडकं काहीतरी लिहिणार. तुम्ही लिहिलंत,

समोर इमारत झाली.
डोंगर दिसत नाही.
डोंगराला ते ठाऊक नाही.

मी काठी खाली ठेवली. भाऊजी, तेव्हा बोलले नाही, आता सांगते. त्या तीन ओळी वाचून मला तुमचा दादा आठवला, आणि तो गेल्यावर पहिल्यांदा छातीतलं काहीतरी सैल झालं. पान पिकलं की गळतं, हे तुम्ही मला सांगून पटलं नव्हतं. डोंगराला ठाऊक नाही, हे पटलं. तो नाही असं मला वाटतंय, त्याला कुठे ठाऊक आहे. कसं पटलं ते सांगता येणार नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही डोळे मिटले असते.

पण भांडण होतंच. तुमच्या कवितेत माणूस यायचा नाही. डोंगर, ढग, चिखल, खेकडा, सगळे यायचे, माणूस मात्र वर्ज्य. मी विचारायची, मग हे सगळं बघतंय कोण? तुम्ही म्हणायचात, बघणारा विरघळला पाहिजे, नुसतं बघणं उरलं पाहिजे. मी म्हणायची, विरघळलेल्याला जेवायला किती वाजता वाढू? विरघळलेले असूनही तुम्ही वेळेवर ताटावर यायचात.

आता मुद्द्याला येते, कारण खरी गंमत इथे आहे.

मी पाटण तालुक्यातली. लहानपणी आमच्या गावात पिठाची गिरणी नव्हती. पहाटे आई आणि चुलती जात्यावर बसायच्या आणि मी खुंट्याला हात लावायची. दळता दळता ओव्या. ओवी कुणी लिहून ठेवायचं नाही, ती हाताच्या फेऱ्याबरोबर अंगात शिरायची. आणि ओवीत सगळीकडे नाती. पाऊस आला तर तो भाऊ, वारा आला तर माहेरचा निरोप. चंद्रसुद्धा सोडायच्या नाहीत, त्यालाही मामा करायच्या. त्यामुळे माझ्या डोक्याला शब्द धरून ठेवायची एकच रीत ठाऊक. तुमच्या तीन ओळी मी वाचल्या की काठी हलवत हलवत त्याच चालीत गुणगुणायची. आणि तीन ओळींवर चाल पुरी व्हायचीच नाही. जात्याचा फेरा अर्ध्यात थांबल्यासारखं व्हायचं. मग चौथी ओळ आपोआप तोंडातून यायची. मी मुद्दाम केलं असं नाही. जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाय पडतो ना, तसं.

खाडीवरची ती कविता घ्या. आपण दोघं ऐरोलीकडे सुनेच्या मैत्रिणीच्या घरच्या वास्तुशांतीला गेलो होतो, तिच्या खिडकीतून खाडी दिसत होती. ओहोटी होती. दुसऱ्या दिवशी तुमच्या लादीवर,

खाडीतलं पाणी गेलं.
चिखलावर ऊन उरलं.
बगळा तसाच उभा.

आणि माझ्या तोंडून,

सासुरवाशिणीला कुणी चल म्हणेना गं.

तुम्ही टाकीमागे ब्रश धूत होता. तुम्ही ऐकलंत. बाहेर येऊन माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी तुमच्या पांढऱ्या धोतरावर हळद सांडली आहे. म्हणालात, वहिनी, तो बगळा आहे. मी म्हटलं, मला दिसतंय बगळा आहे, पण उभा कसा आहे ते बघा. तुम्ही म्हणालात, तो नुसता उभा आहे. मी म्हटलं, नुसतं कुणी उभं राहत नसतं. दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. त्याला मौन म्हणत नाहीत भाऊजी, त्याला रुसणं म्हणतात.

त्यानंतर मी मोठ्याने गुणगुणायचं बंद केलं. मनातल्या मनात चालूच होतं.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुम्ही बरे हुशारीत होता. मी म्हटलं, घरी चला, या वेळी मी तुम्हाला वही आणून देते, आणि नाही लिहिलंत तर मीच सगळ्यांना सांगेन तुमचं नाव. तुम्ही म्हणालात,

“आमटीत मीठ विरघळलं की मीठ वेगळं काढून दाखवता का?”

मी म्हटलं, “काढता येत नाही, पण ते कुणी टाकलं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.”

तुम्हाला इतकं हसू आलं की ठसका लागला आणि नर्स मला ओरडली. उत्तर द्यायला तुम्ही तोंड उघडलं होतं. तेवढ्यात डॉक्टर आले, मला बाहेर काढलं. ते उत्तर राहिलं. चांगलं उत्तर होतं, तुमच्या डोळ्यांवरून मला कळलं होतं. जाताना सोबत घेऊन गेलात.

आता तुम्ही गेल्यानंतरचं.

तेरावं झालं आणि वैद्य बाई घरी आल्या. कॉलेजात शिकवलेली बाई, पण मिजास नाही. जमिनीवर बसल्या, पोह्यांना चांगलं म्हणाल्या आणि विचारलं, काकू, त्यांचे कागद कुठे आहेत? कट्ट्यावर तुम्ही चीन-जपानच्या कवींवर तासन्‌तास बोलायचात म्हणे, स्वतःची कविता मात्र कधी काढायचा नाहीत. सगळ्यांना वाटायचं घरात पेटीभर असतील. मी म्हटलं, कागद नाहीत, पेटी नाही, लादी आहे, ती कोरडी आहे. बाईंचा चेहरा पडला. मलाही मेलं कसंतरी झालं. वाटलं, झालं, भाऊजी जिंकले, माणूस पुसला.

मग त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी एक म्हटली. साळुंकीची. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. अजून एक म्हटली. त्यांनी मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. आणि भाऊजी, काय सांगू, धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. एक संपली की दुसरी उभी. पावसाळ्यातली, थंडीतली, टॉवरवरच्या क्रेनवर बसलेल्या घारीची, गटाराच्या पाण्यात पडलेल्या चंद्राची. मला स्वतःला ठाऊक नव्हतं की माझ्या आत हे एवढं भरून ठेवलंय. पोहे गार झाले, सून कामावरून आली, दिवे लागले, मी आपली म्हणतेच आहे. वैद्य बाई मोबाइल धरलेला हात तेवढा बदलत होत्या. माझ्या मनात एकच, आता तुमचं पुस्तक होतंय. नाव वरती, मोठ्या अक्षरात. मी तुम्हाला हरवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. आवाज जरा चाचरत होता. म्हणाल्या, काकू, रागावू नका, पण हे सगळं त्यांचंच आहे ना? ते नेहमी सांगायचे, कवितेत माणूस आला की कविता मळते. मग ही सासुरवाशीण कुठून आली? हा पाठीराखा भाऊ कुठून आला? घार माहेरची वाट बघते, असं ते लिहितील का?

मी मनात म्हटलं, सोपं आहे, चौथी ओळ माझी, ती काढून टाका. तसं सांगितलंही. पण पुढे त्या एकेक कविता वाचत गेल्या. काही ठिकाणी माझी ओळ चौथी नव्हतीच. ती दुसरी होऊन बसली होती. कुठे तुमचा ‘ढग’ माझ्या तोंडात ‘ढगुबा’ झाला होता. कुठे तुमच्या दोनच ओळी असाव्यात आणि बाकी माझं. मी डोळे मिटून लादी आठवायला बघितली. लादी दिसते, पाणी दिसतं, अक्षरं दिसत नाहीत. चालच ऐकू येते. तीन ओळींवर थांबून म्हणायला गेले तर पुढची कविताच आठवेना, खुंटा हातातून निसटल्यासारखं व्हायला लागलं.

म्हणजे बघा काय झालं. तुमच्या कविता वाचवायला गेले आणि मीच त्यांच्यात शिरले. तुम्ही आयुष्यभर कवितेतून माणूस हाकलत होता आणि त्या शेवटी राहायला आल्या त्या माणसाकडेच. त्यातून तुमचं नाव त्यावर छापायचं, तर ते खरं होईल का? आणि नाही छापलं, तर तुमचं म्हणून या जगात काय राहिलं? हा प्रश्न घेऊन मी घरभर फिरत होते. सून म्हणाली, आई, इतकं टेन्शन नका घेऊ. मी म्हटलं, टेन्शन नाही गं, मला तुझ्या चुलतसासऱ्यांशी भांडायचंय आणि ते भेटत नाहीत.

रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. कट्ट्याचे लोक होते, कंपनीतले दोघं-तिघं म्हातारे होते आणि आपल्या माथाडी वसाहतीतल्या पुष्कळ बायका आल्या होत्या, वळणावरच्या पारूसकट. मला बोलायला उभं केलं. मी जे झालं ते सरळ सांगितलं. कागद नाहीत, मला आठवतंय, पण त्यात माझी भेसळ आहे, भेसळ किती ते मला निवडून देता येत नाही. दुधात पाणी घालणारा निदान किती घातलं ते जाणतो, मला तेही ठाऊक नाही. लोक हसले. मग मी बगळ्याची म्हटली, चौथ्या ओळीसकट.

आणि मागून पारूने, तिला जात्यावरची चाल ठाऊक, ती ओळ उचलली आणि परत म्हटली. मग तिच्या शेजारचीने. बघता बघता सगळ्या बायका म्हणायला लागल्या, खुर्च्यांवर बसूनच डोलायला लागल्या. शोकसभेत असं करतात का ते मला ठाऊक नाही. वैद्य बाईसुद्धा ओठ हलवत होत्या. तुम्ही असता तर उठून गेला असता. किंवा नसता गेला, कारण पुढे जे झालं त्याने माझी मतीच गुंग झाली.

सेक्रेटरी उठला. त्याला बोलायचं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. म्हणाला, काकू जे चौथ्या ओळीचं सांगतात त्यावरून मला एक आठवलं. काका तीन लाद्यांवर लिहायचे आणि चौथी लादी सोडून पाचवीपासून पुढची कविता घ्यायचे. पूर्वी सोडत नव्हते, सलग लिहायचे. मागच्या काही वर्षांत सोडायला लागले. मी एकदा घाईत त्या कोऱ्या लादीवर पाय ठेवला तर केवढ्याने ओरडले. मी म्हटलं, काका, इथे तर काहीच नाही. तर म्हणाले, “म्हणूनच. तिथे पाय ठेवू नकोस.”

भाऊजी.

मी रोज तिथे बसत होते. ती कोरडी लादी मला रोज दिसत होती. मला वाटायचं, म्हातारा ओणवा होऊन दमतो, एक लादी सोडून दम खातो. आणि तुम्ही तर नेहमी सांगायचात, त्या चिनी म्हाताऱ्यांच्या चित्रांत निम्मा कागद कोरा असतो, रिकामं ठेवावं लागतं, रिकाम्यातच सगळं असतं. मग ती लादी कसली होती? तुमच्या रिकामेपणाची, की माझ्या ओळीची? बगळ्यावरून रुसलात, त्याच्या आधी सोडत होता की नंतर सोडायला लागलात? सेक्रेटरीला विचारलं, तर त्याला काळवेळ आठवेना. मी त्याला हॉलबाहेर गाठून पुन्हा पुन्हा विचारलं. तो म्हणाला, काकू, मला खरंच माहीत नाही, मी पाण्याचं बघायला जायचो.

त्या दिवशी घरी येऊन मी तुमच्या फोटोला म्हटलं, लबाड आहात. माझ्यासाठी ठेवली असेल तर एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं? आणि माझ्यासाठी नसेल, तर मी उगाच हरखलेय, तेही सांगायला हवं होतं. तुमच्या बाजूने मीच उत्तर देते, माझ्या बाजूने मीच खोडते. एकदा वाटतं, तुम्ही म्हणाला असता, वहिनी, दोन्ही एकच आहे. असं तुम्ही कशावरही म्हणायचात, म्हणून ते उत्तर मी धरत नाही. पण खरं सांगते, या वयात मला इतकं हरखायला झालं नव्हतं कधी. सकाळी उठायची घाई होते. भाजी निवडताना ओळी येतात, तुमच्या नव्हेत, नव्याच. काल कुकरच्या शिट्टीवर एक झाली. तुम्हाला आवडली नसती, तीत माणसंच माणसं आहेत.

सभेनंतर वैद्य बाईंनी विचारलं, काकू, छापायचं ठरलं तर नाव कुणाचं घालू? तुमचं, त्यांचं, की दोघांचं? मी म्हटलं, त्यांचंच घाला. लगेच म्हटलं, थांबा, विचार करून सांगते. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तुमच्याशी भांडले ते हातात आलं होतं आणि मला हो म्हणवत नव्हतं. दोघांचं घालावं तर मी कोण कवी लागून गेले. तुमचं एकट्याचं घालावं तर सासुरवाशीण तुमच्या माथी मारली जाते. आणि नाव नाही घातलं, तर आपल्या मागे कोण आहे हो तुमचं नाव घ्यायला? माझी पोरं घेतील, त्यांच्या पोरांना काका-आजोबा अंधुक आठवतील, मग संपलं. हे मला सहन होत नव्हतं. मरण मला चालतं. पुसलं जाणं चालत नाही.

पंधरा-वीस दिवस बाईंना मी टाळलं. मग परवा संध्याकाळी बाजारात गेले होते. आपल्या सेक्टरच्या कोपऱ्यावर पालेभाजी घेऊन बसते ती तरुण बाई, तासगावकडची. ती मेथीच्या जुड्या बांधत होती आणि तोंडाने गुणगुणत होती. मी वाकून कोथिंबीर बघत होते, आणि कानावर आलं,

खाडीतलं पाणी गेलं,
चिखलावर ऊन उरलं,
बगळा तसाच उभा,
सांगा जाऊन बगळ्याला, पाणी येतं माघारी.

मी कोथिंबीर सोडून तिच्याकडे बघितलं. ही बाई सभेला नव्हती. तिच्यापर्यंत कुणाकडून, कशी आली असेल, देव जाणे. तीन ओळी तुमच्या जशाच्या तशा, एक अक्षर हललेलं नाही. आणि माझी चौथी गायब. सासुरवाशीण कुठे गेली तिचं तिला ठाऊक. आणि जी नवी ओळ आली होती, ती तुम्हालाही सुचली नव्हती आणि मलाही नाही. आपण दोघं दोन दिवस भांडलो की बगळा कसा उभा आहे. पाणी परत येतं, हे त्याला जाऊन सांगावं, असं आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी तिला विचारलं, कुठली गं ही ओवी?

ती म्हणाली, “आमच्या आजीची हाय मावशी. लई जुनी हाय.”

तुमचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तुमचं, तुमच्या वडलांचं आणि आपलं आडनाव, सगळं सलग. ओरडूनच सांगणार होते की कसली आजी, हे आमच्या भाऊजींचं आहे, गच्चीवर माझ्यासमोर लिहिलंय. ती माझ्याकडे बघत होती. आजीचं नाव घेतलं म्हणून तिचा चेहरा फुललेला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणून या लेखातही तुमचं नाव कुठे नाही, आणि वैद्य बाईंनाही मी तेच कळवलंय, छापा, पण कुणाचंच घालू नका.

मग मी तिथे पोत्यावर तिच्या शेजारी बसले, मेथीची एक जुडी हातात घेतली आणि तिला म्हटलं, “चांगली आहे. परत म्हण बघू, मला नीट पाठ करू दे.”